दाखल-खारीज

मे महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा व्हॉइस मेसेज आला. शाळेची स्मरणिका काढायची आहे, माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करायची आहे आणि त्यात ‘आपल्या शाळेचा इतिहास व परंपरा’ हे दोन पानांचं प्रकरण मी लिहावं. कारण काय, तर “तू ऑनलाइन लिहीत असतो ना काहीतरी.” शाळा भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीची, जिल्हा परिषदेची. पहिली ते सातवी मी तिथे शिकलो. मग नागपूरला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो. मेसेज पूर्ण ऐकायच्या आधीच मी अंगठा पाठवला. (इमोजीतला. आपल्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा होतो हे नंतर लक्षात आलं आणि पुढचे तीन आठवडे मी तोच अर्थ खरा करत होतो.)

लिहायला बसलो आणि काही सुचेना. इतिहास? शाळा कधी सुरू झाली तेही मला माहीत नव्हतं. परंपरा? सकाळी परिपाठ व्हायचा, दुपारी खिचडी मिळायची, शनिवारी सकाळची शाळा असायची, पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी निघायची. हे राज्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत होतं. याला परंपरा म्हणायचं तर ट्रॅफिक सिग्नललाही परंपरा म्हणावं लागेल.

परंपरा म्हणजे काय ते मी पहिल्यांदा ऑफिसात पाहिलं होतं. जॉइन झालो त्या आठवड्यात टीम लंच होता. कुणीतरी विचारलं, “शाळा कुठली?” कॉलेज नाही, शाळा. मुंबई-पुण्यात हा प्रश्न विचारतात हे मला नवीन होतं. एक जण म्हणाली, बॉम्बे स्कॉटिश. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सीनियरने मान वर केली, “कोणतं हाउस?” आणि पुढची दहा मिनिटं ते दोघं, जे आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते, बहीण-भावासारखे बोलत होते. शाळेचं गाणं, लॅटिनमधलं बोधवाक्य, माहीमच्या समुद्राचा वर्गात येणारा वारा. माझी पाळी आली तेव्हा मी “झेडपी” म्हणालो आणि लगेच विनोद केला, कुणी करायच्या आधी. कुणी करणार नव्हतं बहुधा. चांगली माणसं आहेत.

हेवा वाटला. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो इंग्रजीचा किंवा पैशाचा नव्हता, त्या दहा मिनिटांचा होता. अनोळखी माणसाला एका शब्दावर ओळखता येणं ही साधी गोष्ट नाही.

तर स्मरणिकेसाठी मी तिलाच विचारलं की तुमच्या शाळेच्या इतिहासात काय काय लिहितात. तिथून वाचत गेलो आणि भलतीकडेच पोचलो.

बॉम्बे स्कॉटिश १८४७ साली सुरू झाली. तेव्हाचं नाव होतं स्कॉटिश फीमेल ऑर्फनेज. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी इथे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलींसाठी काढलेली संस्था. नावातच मुली आहेत आणि अनाथपण आहे. मुलगे नंतर आले. आज ती मुंबईतल्या सगळ्यात मागणी असलेल्या शाळांपैकी आहे. हृतिक रोशन, जॉन अब्राहम, आदित्य ठाकरे तिथले. नावातलं ‘फीमेल’ गेलं, ‘ऑर्फनेज’ गेलं, राहिलं फक्त ‘स्कॉटिश’. आणि तिथल्या वर्गांत आता स्कॉटिश मूल शोधून सापडणार नाही.

हे वाचून मला आधी हसू आलं, मग एक जुना प्रश्न आठवला. जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात याला थिसिअसचं जहाज म्हणतात. आमच्या धंद्यात हे रोज होतं. रिपॉझिटरीचं नाव तेच, आतला कोड दहा वर्षांत सगळा बदललेला, सुरू करणारी माणसं कधीच नोकरी सोडून गेलेली. तरी आम्ही त्याला तोच प्रॉडक्ट म्हणतो, कारण नाव तेच आहे आणि ग्राहक पैसे देतो.

पण शाळेच्या बाबतीत प्रश्न थोडा जास्त टोचतो. कारण फळ्यांबरोबर प्रवासीही बदलले आहेत. जी शाळा ज्याला कुणी नाही अशा मुलीसाठी निघाली, ती आज ज्याचं सगळं काही आहे अशा मुलाला मिळते, तेव्हा तिच्या १८४७ चा अभिमान नेमका कुणी बाळगायचा?

हे काही एकट्या माहीमचं नाही. खुद्द स्कॉटलंडमध्येच हा प्रश्न जुना आहे. एडिंबरामध्ये जॉर्ज हेरिअट नावाचा सोनार होता, राजा सहावा जेम्स याचा सावकार म्हणा ना. १६२४ साली तो वारला आणि बहुतेक सगळी संपत्ती शहरातल्या गरीब, बाप नसलेल्या पोरांसाठी ठेवून गेला. १६२८ ला इमारत बांधायला घेतली. मध्येच क्रॉमवेलचं सैन्य आलं आणि त्यांनी अर्धवट इमारतीत जखमी शिपाई ठेवले. शेवटी १६५९ ला तीस मुलं आत आली. जॉर्ज हेरिअट्स आज तिथली नावाजलेली फी घेणारी शाळा आहे. दर जूनमध्ये मुलं अंगणातल्या हेरिअटच्या पुतळ्याला फुलांनी सजवतात. हे वाचून मी म्हटलं, झालं, आपल्याकडच्या पुतळ्यांसारखंच. पण पुढे वाचलं की आई किंवा वडील गमावलेल्या काही मुलांना तिथे अजूनही फी न घेता शिकवतात. साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली. फुलं आणि ती जागा, दोन्ही टिकून आहेत.

त्याच शहरात फेटीस कॉलेज आहे. टोनी ब्लेअर शिकला तिथे. सर विल्यम फेटीस हा व्यापारी १८३६ ला वारला, त्यानेही अनाथ आणि गरजू मुलांसाठी पैसा ठेवला होता. १८७० ला शाळा उघडली ती राजवाड्यासारखी, आणि शिष्यवृत्तीच्या मुलांबरोबर फी भरणारी मुलंही आत आली. आज ती स्कॉटलंडमधल्या महागड्या निवासी शाळांपैकी एक आहे.

म्हणजे वळण जुनंच आहे. गरिबासाठी काढलेली शाळा चांगली निघाली की श्रीमंताला तीच हवी असते. यात कुणी खलनायक असलाच पाहिजे असं नाही. चांगले शिक्षक येतात, निकाल लागतो, नाव होतं, रांग लागते, खर्च वाढतो, फी वाढते. प्रत्येक पाऊल समजण्यासारखं. फक्त शेवटी मागे वळून पाहिलं तर ज्याच्यासाठी निघालो होतो तो सोबत नसतो.

स्कॉटलंडने यावर एक बरा उपाय काढला, निदान प्रश्न तरी नीट विचारला. या शाळा कागदोपत्री धर्मादाय संस्था, म्हणून त्यांना करात सूट. २००५ च्या कायद्यानंतर तिथल्या धर्मादाय नियामकाने एकेक शाळा तपासायला घेतली. बॅगपाइप कधीपासून वाजतो ते त्याने विचारलं नाही. फी न परवडणारं मूल तुमच्याकडे आत येऊ शकतं का, एवढंच विचारलं. काही शाळा नापास झाल्या आणि त्यांना फीमाफीच्या जागा वाढवाव्या लागल्या. २०२२ पासून तर इमारतींवरच्या करातली त्यांची सूटही सरकारने काढून घेतली.

आपल्याकडे हाच प्रश्न आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत आला. खासगी शाळांनी चौथा हिस्सा जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, हा २००९ चा कायदा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे बंधन नाही. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. त्या चार-पाच महिन्यांत अनेक पालकांच्या पोटात गोळा होता. पण सरकारच्या त्या नियमात एक गंमत होती, आणि ती मला सोडत नाही. जवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे ना, मग तुम्हाला अजून काय पाहिजे? आमच्या शाळेचं अस्तित्व हेच दुसरीकडचं दार बंद करायचं कारण ठरत होतं.

थोडं मागे जातो, कारण स्कॉटलंडबद्दल वाचताना मला जे सगळ्यात अनपेक्षित सापडलं ते अजून सांगितलं नाही. आपल्या डोक्यात स्कॉटिश शाळा म्हणजे किल्ट, पाइप बँड, दगडी मनोरे. त्यातल्या किल्टबद्दल तर ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ मध्ये लिहून ठेवलं, की त्याचं आजचं आखूड रूप अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने सोयीसाठी काढलं असावं. स्कॉटिश लोक त्यावर अजून चिडतात. ते असो. स्कॉटलंडची खरी जुनी शाळा वेगळीच होती. १६९६ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला: प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या प्रत्येक गावगाड्यात, एक शाळा पाहिजे आणि मास्तरच्या पगाराचा भार जमीनदारांनी उचलायचा. गरीब शेतकऱ्याचं हुशार पोरगं त्या एका खोलीतून शिकून युनिव्हर्सिटीत जातं, ही त्यांची आवडती गोष्ट. सगळ्याच पोरांच्या बाबतीत ती खरी नव्हती, मुलींच्या बाबतीत तर नाहीच. पण त्या देशाने स्वतःबद्दल सांगण्यासाठी ही गोष्ट निवडली. आजही स्कॉटलंडमधली चार टक्क्यांच्या आसपासच मुलं खासगी शाळेत जातात.

गावात एक खोली, सरकारी हुकमाने उघडलेली, कमी पगाराचा मास्तर, वेगवेगळ्या इयत्तांची पोरं एकाच छपराखाली. ओळखीचं वाटतंय?

आता १८४७ कडे परत येऊ. ज्या वर्षी मुंबईत स्कॉटिश फीमेल ऑर्फनेज निघालं, त्याच वर्षी पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतून एक वीस वर्षांचा मुलगा शिक्षण संपवून बाहेर पडला. वडिलांनी त्याला एकदा शाळेतून काढून शेतात घातलं होतं. शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांना समजावलं, म्हणून तो १८४१ मध्ये पुन्हा शाळेत गेला. नाव जोतीराव फुले. पुढच्याच वर्षी, १८४८ ला, भिडे वाड्यात मुलींची शाळा.

फुल्यांनी मिशनऱ्यांचा धर्म घेतला नाही, शाळा घेतली. आणि घेताना बदलली. मिशनऱ्यांना शेवटी ख्रिस्ती माणूस घडवायचा होता. हे लपवण्यात अर्थ नाही, ते स्वतःही लपवत नव्हते. फुल्यांना घडवायचा होता प्रश्न विचारणारा माणूस. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला (हे हंटरही ग्लासगोचे, म्हणजे स्कॉटिशच), तेव्हा फुल्यांनी त्यांना लेखी सांगितलं की शेतकऱ्याच्या करातून येणारा पैसा वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर जातो आहे, आधी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

आमच्या भाषेत याला फोर्क म्हणतात. दुसऱ्याचा कोड घ्यायचा, वेगळ्या नावाने वेगळ्या दिशेला न्यायचा. मूळ रिपॉझिटरीत नाव जुनं राहतं, कधी कधी काम बदलतं. फोर्कमध्ये नाव नवं असतं आणि कधी कधी मूळ काम तिथेच चालू राहतं. १८४७ च्या त्या स्कॉटिश शाळांचा वारस शोधायचा तर माहीमचा पत्ता आणि लॅटिन बोधवाक्य बघून भागणार नाही, भिडे वाड्यापर्यंत जावं लागेल, आणि तिथून पुढे धानाच्या बांध्यांतून मोहाडीपर्यंतही. हे लिहिताना मला थोडं चढल्यासारखं झालं, कबूल करतो. झेडपीवाल्याला अचानक मोठ्या घराण्याचा कागद सापडावा तसं.

आमच्या बाजूचा स्कॉटिश माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपुरात शिकलेल्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेलं असतं, सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजमुळे. तो माणूस कोण होता हे मला चार वर्षं नागपुरात राहून माहीत नव्हतं. १८१७ चा जन्म, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४५ मध्ये नागपूरला आला, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी शाळा काढली. शाळा सांभाळता सांभाळता दगड गोळा करायचा, जीवाश्म गोळा करायचा, गोंडांची गाणी लिहून घ्यायचा. हिस्लोपाइट नावाचं एक खनिज त्याच्या नावाचं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला रिचर्ड टेम्पल साहेबांबरोबर टाकळघाटकडची शिळावर्तुळं बघायला गेला, आणि परत येताना फुगलेल्या नाल्यात बुडून मेला. कॉलेज त्याच्या नावाने १८८३ ला निघालं. ते आज ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव टेम्पल रोड. गोंडांबद्दल त्याने लिहून ठेवलेले कागद टेम्पलनेच १८६६ ला छापले, नाहीतर तेही नाल्यातच गेले असते म्हणायचं.

एवढं सगळं जमवून मी जूनच्या शेवटी गावी गेलो. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. पहिलीच्या नव्या पोरांच्या पावलांचे ठसे कागदावर घेणं चाललं होतं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून. एक पोरगं पाय झाडत रडत होतं. सरांना म्हटलं, जुनं काही असेल तर दाखवा. फोटो? नाहीत. ट्रॉफ्या? एक कबड्डीची, कान तुटलेली. मग त्यांनी लोखंडी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. दाखल-खारीज.

हे रजिस्टर आमच्या घरात प्रसिद्ध आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी जात पडताळणीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागत होता, तेव्हा बाबा याच कपाटासमोर तीन दिवस उभे होते. गावातले बहुतेक लोक शाळेत परत येतात ते यासाठी. आठवणी काढायला कुणी येत नाही, नोंदीची नक्कल घ्यायला येतात. त्या वेळी बाबांनी फक्त आजोबांची ओळ बघितली होती. मी यावेळी पानं उलटत बसलो.

जुन्या पानांवर जनपद सभेचा शिक्का आहे. म्हणजे आपण मध्य प्रदेशात होतो तेव्हाचा. १९६२ नंतर जिल्हा परिषद. अक्षर बदलतं, शाई बदलते, रकाने तेच. नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल दिनांक, इयत्ता, शाळा सोडल्याचा दिनांक. आणि त्यापुढे एक अरुंद रकाना: शाळा सोडण्याचे कारण.

मी नुसता तो रकाना वाचत खाली गेलो. गैरहजर. गैरहजर. परगावी. मजुरी. लग्न. गैरहजर. मयत. लहान भाऊ सांभाळणे. ढोरं चारणे. गैरहजर. मधूनच एखादा ‘उत्तीर्ण’. एका पानावर तर सलग अकरा नावांपुढे एकच शेरा, वर एक आणि खाली ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’.

माझ्या मोठ्या आत्याचं नाव त्यात होतं. दुसरीतून. कारण: घरकाम.

आत्या अजून आहे, आमच्या घराच्या मागेच राहते. संध्याकाळी तिला फोनमधला फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मले काई घरकामासाठी काढलं नवतं. गुरुजी मले मागं बसवत. दारापाशी. मंग मीच गेली नाही.” थोड्या वेळाने पुन्हा, “कोन लिवलं ते?”

दारापाशी का बसवत, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. जातीचा रकाना त्याच पानावर आहे.

तेव्हा माझा सापडलेला घराण्याचा कागद थोडा भिजला. सगळ्यांना आत घेणारी ती आमची शाळा, अशी मी मनात जुळवाजुळव केली होती. आत घेतलं होतं खरं. दार उघडंच होतं, आत्या दारापाशीच होती. स्कॉटलंडच्या नियामकाचा प्रश्न, फी न परवडणारं मूल आत येऊ शकतं का, आमच्या शाळेने शंभरात शंभर मार्कांनी पास केला असता. तो प्रश्न पुरत नाही एवढं त्या अरुंद रकान्यातून कळत होतं. आत आलेल्यांचं पुढे काय झालं?

नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी प्रत्येक शाळा करते. बाहेर पडलेल्यांची यादी कुणी करत नाही. आमच्या शाळेत ती आहे, आणि तीही कुणी मुद्दाम केलेली नाही, सरकारी फॉर्मला तसा रकाना होता म्हणून भरली गेली, आणि निदान एका ओळीत तरी चुकीची.

परंपरा बनवलेली असते याचं मला वाईट वाटत नाही. किल्ट बनवलेला असेल तर असो, तो घालून उभ्या राहिलेल्या पोराला ताठ वाटत असेल. आपली प्रतिज्ञासुद्धा कुणीतरी बनवलीच ना. पायडीमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या, विशाखापट्टणमच्या ट्रेझरीतल्या अधिकाऱ्याने १९६२ मध्ये ती तेलुगूत लिहिली. मोहाडीत आम्ही ती रोज सकाळी हात पुढे करून म्हणत होतो आणि लिहिणाऱ्याचं नाव आमच्या गुरुजींनाही माहीत नव्हतं. पण परंपरा बनवताना काय उचलायचं आणि काय कपाटात ठेवायचं, हे कुणीतरी ठरवतं. या वेळी ते ठरवणारा मी होतो. अनाथांचं नाव पाटीवरून उतरवणाऱ्यांना मी पुण्यात बसून नावं ठेवली होती. आता माझ्यासमोर अकरा ‘सदर’ होते आणि वर्गणीसाठी निघणारी स्मरणिका.

यात अजून एक गोष्ट मी आतापर्यंत टाळली. माझी भाची याच शाळेत पहिलीत होती. ताईने या वर्षी तिला काढून तुमसर रोडवरून बस येते त्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं होतं, आणि फीचा पहिला हप्ता मी भरणार होतो. एप्रिलमध्येच ठरलं होतं, स्मरणिकेच्या आधी. गावी गेल्यावर फुले आणि १६९६ चा कायदा डोक्यात असल्यामुळे मी ताईला म्हटलं, अजून एक वर्ष बघू का, सर चांगले आहेत, पट आधीच कमी आहे.

ताई भांडी घासत होती. थांबली नाही. म्हणाली, “तुला लिवायला शाळा पाह्यजे म्हणून माझी पोरगी तिथं ठेवू का? तू तुझ्या ऑफिसात इंग्रजीत अडकते तेव्हा फोन कोणाले करते, सांग.”

ताईला करतो. ती बारावी आहे. ती नुसतं ऐकते.

याचं उत्तर मला तेव्हाही सुचलं नाही, आताही नाही. आपलं तत्त्व दुसऱ्याच्या लेकराच्या पाठीवर ठेवायचा हक्क कुणालाच नाही, मामालाही नाही. पण ज्यांना जमतं ते सगळे असेच एकेक करून निघाले, प्रत्येक जण समजण्यासारख्या कारणाने, तर मागे उरतील ती पोरं ज्यांना दुसरा रस्ता नाही, आणि मग ती शाळा पुन्हा अनाथालयच होईल, फक्त पाटी नसलेलं. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करून दूरच्या मोठ्या शाळेत मिसळायची चर्चा राज्यात दोन-तीन वर्षं चालूच आहे. माझ्या भाचीने पट एकने कमी होणार. एक म्हणजे काहीच नाही, आणि पट त्याच एकाएकाने बनतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मी दोन्ही वाक्यं घेऊन अंगणात फिरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ताईने सही केलेला अर्ज माझ्याच हातात दिला. “जातच आहेस तर तिचा दाखला घेऊन ये.”

सरांना मी आधी स्मरणिकेचा मजकूर दाखवला. दोन पानं झाली होती. जनपद सभेचा शिक्का, १९६२, कबड्डीची ट्रॉफी, परिपाठ, प्रतिज्ञा. आणि शेवटी, नावं काढून, तो कारणांचा रकाना जसाच्या तसा, वरून खाली. आत्याच्या ओळीत ‘घरकाम’ खोडून तिनं सांगितलेलं लिहिलं होतं. सरांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. वाचून झाल्यावर म्हणाले, “हे असं छापलं तर वर्गणी कोण देईल रे?” मग थोड्या वेळाने, “राहू दे. बघू.”

मग मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला, काही बोलले नाहीत. चालू वर्षाचं रजिस्टर काढलं, भाचीची ओळ शोधली. ती पानाच्या जवळजवळ शेवटी होती, मागच्याच जूनमध्ये लिहिलेली. दिनांक टाकला. मग पेन त्या अरुंद रकान्यावर नेऊन थांबले आणि माझ्याकडे बघून विचारलं, “कारण काय लिहू?”